ऑक्सिजन नर्स : नंदुरबारच्या सिव्हिलमधलं एक काम आणि त्याची कदर

१९ एप्रिल २०२१. रात्री आठच्या सुमारास कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन एक मालगाडी ऑक्सिजन भरून आणायला विशाखापट्टणमकडे निघाली. देशातली ती पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस. आदल्याच दिवशी महाराष्ट्रात कोविडचे ६८,६३१ नवे रुग्ण सापडले होते. राज्यात रोज साडेबाराशे मेट्रिक टनांच्या आसपास ऑक्सिजन तयार व्हायचा, तो सगळाच्या सगळा दवाखान्यांकडे वळवला तरी पुरत नव्हता. टँकर उंच आणि घाटमार्ग अडचणीचा, म्हणून गाडीने वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेतला. सुरत-भुसावळ मार्गावर नंदुरबार लागतं.

म्हणजे ज्या गावावरून ते रिकामे टँकर धडधडत गेले, त्या गावात तेव्हा हवेतून ऑक्सिजन काढणारी यंत्रं चालू होती. पहिलं यंत्र बसून सात महिने होत आले होते. राज्यातले मोठमोठे जिल्हे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले असताना, कायम मागास म्हणून गणला गेलेला एक आदिवासी जिल्हा स्वतःपुरता ऑक्सिजन स्वतः तयार करत होता. त्या महिन्यात हे देशभर छापून आलं, वाहिन्यांवर दिसलं.

पण त्या बातम्यांत यंत्राचा फोटो होता आणि जिल्हाधिकाऱ्यांचा होता. त्या यंत्रातून निघालेला ऑक्सिजन खाटेपर्यंत कसा पोचला, किती पोचला आणि वाया किती गेला नाही, हा भाग दोन-चार ओळींत आटपला. मला या प्रकरणातला तोच भाग, म्हणजे ऑक्सिजन नर्स म्हणून नेमलेल्या सिस्टरचं काम, सर्वांत मोलाचा वाटतो. आरोग्यसेवेतल्या माणसांची कदर करायची म्हणजे नेमकं काय करायचं, याचं उत्तर तिथे सापडतं, आणि म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

जिल्हा कसा आहे

१ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार जिल्हा सहा तालुक्यांचा आहे : नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे लोकांच्या तोंडी धडगाव. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या घरात आणि त्यात आदिवासी जवळपास ७० टक्के. खाली तापीचं खोरं, वर सातपुडा, उत्तरेच्या टोकाला नर्मदा. एका बाजूला गुजरात, दुसऱ्या बाजूला मध्य प्रदेश. धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणायचं आणि मग गाडी बघायची, हे तिथे नेहमीचंच. महामारीच्या आधीही होतं.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नुकतंच आकाराला येत होतं. वर्षानुवर्षांचा अध्यापक वर्ग, निवासी डॉक्टरांच्या तुकड्या, मोठा अतिदक्षता विभाग, शहरी कॉलेजांच्या पाठीशी असलेलं असं काहीच नव्हतं. होतं ते सिव्हिल, काही उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयं, प्राथमिक आरोग्य केंद्रं, आणि त्यांतल्या सिस्टर, एएनएम, आशा, अंगणवाडी ताई. तज्ज्ञ आणायचा म्हटला तर जवळची मोठी गावं धुळे आणि सुरत, आणि तिथेही त्या दिवसांत कोण मोकळं होतं?

पहिल्या लाटेत या जिल्ह्यात एका दिवसात जास्तीत जास्त १९० च्या आसपास नवे रुग्ण सापडत. दुसऱ्या लाटेत हा आकडा १२०० वर गेला. सहापट. शेजारच्या दोन्ही राज्यांतूनही रुग्ण येत होते. स्टेशनवर रेल्वेच्या विलगीकरणाच्या डब्यांत रुग्ण ठेवावे लागले, इतकी खाटांची चणचण झाली.

यंत्र आलं कसं

तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड हे स्वतः डॉक्टर. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावच्या भिल्ल कुटुंबातले, मुंबईत केईएमच्या आवारातल्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस झालेले आणि मग प्रशासकीय सेवेत गेलेले. पहिली लाट ओसरायला लागली तेव्हा सगळीकडे सुटकेचा निःश्वास होता. इथे मात्र सप्टेंबर २०२० मध्ये पहिला ऑक्सिजन प्लांट बसला, मिनिटाला ६०० लिटरचा. पुढच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आणखी प्लांट उभे राहिले. एकाचा खर्च सुमारे ८५ लाख रुपये. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारणाचा निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, जिथून मिळेल तिथून पैसा जमवला गेला.

याची तुलना एकाच गोष्टीशी करतो. केंद्राने देशभरासाठी असे १६२ प्लांट मंजूर केले होते. त्यांतले एप्रिल २०२१ च्या मध्यापर्यंत प्रत्यक्ष बसले होते ३३. या आकड्यांसमोर ठेवून पाहिलं की नंदुरबारने किती आधी पाऊल उचललं ते कळतं.

यंत्राचं तत्त्व साधं आहे. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, बाकी बहुतेक नायट्रोजन. हवा दाबून झिओलाइट नावाच्या खड्यांनी भरलेल्या टाकीतून सोडली की ते खडे नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जातो तो साधारण ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन. दाब सोडला की खडे नायट्रोजन टाकून देतात आणि पुन्हा तयार होतात. दोन टाक्या आळीपाळीने हे काम करतात. टँकर नको, उणे १८३ अंशांवरचा द्रव नको, घाट नको. वीज मात्र अखंड हवी आणि यंत्राची निगा राखणारा माणूस हवा.

मिनिटाला ६०० लिटर म्हणजे दिवसाला आठ लाख चौसष्ट हजार लिटर. एका जंबो सिलिंडरमध्ये सात हजार लिटर धरले तर रोजचे सव्वाशेच्या आसपास जंबो. तेवढे सिलिंडर ट्रकमधून उतरवायचे, गडगडवत मॅनिफोल्डपर्यंत, म्हणजे सिलिंडर पाइपलाइनला जिथे जोडतात तिथपर्यंत, न्यायचे, पान्याने जोडायचे आणि रिकामे परत चढवायचे, हे काम सिव्हिलमधले मामा लोक रात्रंदिवस करायचे. वॉर्डातल्या या मामांना आणि मावशांना कुठल्याच बातमीत जागा मिळत नाही. प्लांटने सर्वांत आधी त्यांच्या पाठीवरचं ओझं उतरवलं असणार, असं मला हा हिशेब मांडताना वाटलं.

खाटेपाशी काय होतं

आता मुख्य मुद्दा. ६०० लिटर हा आकडा मोठा वाटतो, पण दहा लिटरवर असलेले फक्त साठ रुग्ण त्यात बसतात. त्याच रुग्णांना आठ लिटर पुरत असतील तर पंच्याहत्तर बसतात. यंत्र तेच, वीज तीच, आणि पंधरा माणसं जास्त. हे पंधरा जण कुणाच्या हातात असतात? खाटेच्या डोक्याशी भिंतीवर जो फ्लोमीटर असतो, त्यातली गोळी वर-खाली करणाऱ्या नॉबवर ज्याचा हात असतो त्याच्या.

हा नॉब महामारीत किती हातांनी फिरवला हे मी जवळून पाहिलं आहे. एप्रिल २०२१ मध्ये माझे काका एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात होते. काकू पीपीई किट घालून त्यांच्याजवळ बसायच्या. एका सिस्टरकडे चाळीस-पंचेचाळीस खाटा. रात्री काकांना धाप लागली की काकू उठून नॉब पूर्ण उघडायच्या, गोळी पंधरावर. शेजारच्या खाटेवरच्या मुलाने वडिलांसाठी तेच केलेलं, पलीकडच्या बाईनेही तेच. जेवताना मास्क हनुवटीखाली आणि ऑक्सिजन सुरूच. संडासला गेले तरी सुरूच. काकूंना मी दोष देत नाही. नवऱ्याचा श्वास अडकतोय आणि हाताशी एक नॉब आहे, अशा वेळी कोण हिशेब करेल? पण त्याच रात्री दोनच्या सुमारास पाइपलाइनचा दाब उतरला आणि अख्ख्या वॉर्डात एकच कालवा झाला. बाहेर टँकर आला नव्हता, आणि आत प्रत्येक खाटेवर जरा-जरा जास्त चालू होतं.

ऑक्सिजनची गरज ठरवताना बोटाला लावायच्या यंत्रावरचा आकडा, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, बघायचा असतो. कोविडच्या बहुतेक रुग्णांसाठी ९२ ते ९६ हे लक्ष्य पुरेसं मानलं जात होतं. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार, असेल तर ८८ ते ९२. शंभर दिसला म्हणजे रुग्ण जास्त सुरक्षित, असं नाही. गरजेपेक्षा जास्त दिला जातोय एवढाच त्याचा अर्थ. मिनिटाला पाच-सहा लिटरपर्यंत नाकातल्या नळीने भागतं, त्यापुढे मास्क, आणि दहा ते पंधरा लिटर लागले तर पिशवीचा मास्क. नळीवर भागणाऱ्या माणसाला पिशवीच्या मास्कवर ठेवलं तर दोन जणांचा ऑक्सिजन एक जण घेतो. शिवाय रुग्णाला पालथं झोपवलं तर आकडा दोन-चारने आपसूक चढतो, फुकटात. पण पालथं झोपायला सांगायला, उशा लावायला, 'अजून अर्धा तास, दादा' म्हणत बसायला माणूस लागतं.

नंदुरबारच्या सिव्हिलने हे माणूस नेमलं. साधारण पन्नास रुग्णांमागे एक सिस्टर, आणि तिच्याकडे एकच काम : दर तीन-चार तासांनी प्रत्येक खाटेवर जाऊन पातळी मोजायची, गरजेप्रमाणे प्रवाह कमी-जास्त करायचा, वाया जाणारा थांबवायचा. तिला नाव दिलं, ऑक्सिजन नर्स.

एवढंच. यात नवं तंत्रज्ञान नाही. पण तेव्हाच्या कोविड वॉर्डातल्या सिस्टरचा दिवस डोळ्यांसमोर आणा. किट घातलं की पाणी पिता येत नाही, चष्म्यावर वाफ, दोन हातमोज्यांतून शीर शोधायची. इंजेक्शनं, सलाइन, तपासण्यांचे नमुने, औषधाचं मागणीपत्र, नातेवाइकांचे फोन, मृतदेह बांधणं, कागद. पुढच्या पाळीला ओव्हर देताना तीस-चाळीस रुग्णांचं सगळं तोंडी सांगायचं. ऑक्सिजन हे या सगळ्यांतलं एक काम, आणि ज्याचा आवाज होत नाही असं. सलाइन संपली तर दिसते. आठऐवजी बारा लिटर जातोय हे कुणाच्या नजरेत भरत नाही. ते एकीच्या गळ्यात स्पष्टपणे घालायचं आणि बाकीची कामं तिच्या डोक्यावरून काढायची, हा निर्णय कागदावर छोटा दिसतो. ज्याने वॉर्ड चालवला आहे त्याला त्याचं मोल कळेल.

माझ्या मते हे तीन कारणांनी जमतं, आणि तिसरं सर्वांत महत्त्वाचं. नाव दिल्यामुळे जबाबदारी कुणाची हा वाद राहत नाही. ठरलेल्या वेळी फेरी असल्यामुळे रुग्ण खालावतोय हे धाप दिसायच्या आधी कळतं. कोविडमध्ये तर माणूस हसत-बोलत असताना आकडा ८५ वर आलेला असायचा. आणि तिसरं, नॉब खाली करायचा अधिकार. सरकारी दवाखान्यात सिस्टरला सगळं दिसतं, पण 'डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच' या चौकटीत तिला राहावं लागतं. बारावर लिहिलेला रुग्ण पहाटे चारला सातवर भागतोय हे तिला कळतं आणि ती सकाळच्या राउंडपर्यंत थांबते. लक्ष्य आखून दिलं, त्या मर्यादेत प्रवाह बदलायची मोकळीक दिली, की तिचं वीस वर्षांचं निरीक्षण कामाला लागतं. माझ्या दृष्टीने कदर होते ती इथे. तुला कळतं, तू ठरव, आम्ही पाठीशी आहोत, असं व्यवस्थेने सिस्टरला म्हणणं.

यात भाषेचाही वाटा आहे, आणि तो फारसा कुणी मोजत नाही. सातपुड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला भिली किंवा पावरी येते. प्रमाण मराठीत 'आजोबा, मास्क काढू नका' म्हटलं तर तो मान हलवतो आणि काढतो. पाड्यांवर तेव्हा अशी भीती होती की सिव्हिलला नेलेलं माणूस परत येत नाही. अनोळखी यंत्रं, चेहरा झाकलेली पांढरी माणसं, नाकात नळी. अशा रुग्णापाशी दर तीन तासांनी तीच बाई येते, बोट धरते, आकडा बघते, त्याच्या बोलीत दोन शब्द बोलते. यातून तो खाटेवर टिकतो. पळून जात नाही. ऑक्सिजनच्या हिशेबात ही गोष्ट येत नाही, पण त्या जिल्ह्यात ती जीव वाचवणारीच होती असं मला वाटतं.

पुढे ऑक्सिजन नर्सची ही पद्धत राज्यात इतरत्र गेली. पालघर जिल्ह्यातल्या जव्हारसारख्या आदिवासी भागातल्या रुग्णालयानेही ती घेतली. हवेतून ऑक्सिजन काढणारे प्लांट जिल्ह्याजिल्ह्यांत उभारायचं तर सरकारनेच सांगितलं. नंदुरबारकडून मुंबईने शिकावं, असा प्रसंग वारंवार येत नाही. त्या दिवसांत मला त्याचा फार अभिमान वाटला होता, आजही वाटतो.

नाशिकचा उल्लेख इथे टाळता येत नाही. २१ एप्रिल २०२१ रोजी तिथल्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पाइपलाइनचा दाब पडला आणि २२ रुग्ण त्याच दिवशी गेले. नंदुरबारहून काही तासांच्या अंतरावर. तिथल्या सिस्टर आणि डॉक्टर हातांनी छाती दाबत होते, नातेवाईक सिलिंडर ओढत होते. कष्टात किंवा मायेत ते लोक तसूभर कमी नव्हते. पण खाटेपाशी कितीही चांगलं माणूस उभं असलं तरी पाठीमागची नळी कोरडी पडली की त्याच्या हातात काही उरत नाही. म्हणून प्लांट आणि सिस्टर यांत कोण मोठं हा प्रश्न मी मांडत नाही. नंदुरबारमध्ये दोन्ही एकत्र आले म्हणून ते जमलं.

नदीवरची ताई

सिव्हिलची भिंत ओलांडून थोडं बाहेर जातो, कारण हा जिल्हा सिव्हिलपाशी संपत नाही.

नर्मदेच्या काठावर चिमलखेडी नावाचं गाव आहे. तिथल्या अंगणवाडी ताई रेलू वसावे. २०२० च्या टाळेबंदीत संसर्गाच्या भीतीने लांबच्या पाड्यांवरल्या बाया मुलांना घेऊन अंगणवाडीत यायच्या बंद झाल्या. ती कुटुंबं एरवी होडीने येत. मग रेलूताईंनी एका मच्छीमाराची छोटी होडी मागून घेतली आणि पोषण आहार, वजनकाटा घेऊन स्वतः वल्हवत निघाल्या. अठरा किलोमीटर. गरोदर बायका, नवजात आणि कुपोषित बाळं यांची वजनं घ्यायची, खाऊ द्यायचा, परत वल्हवत यायचं. असं महिनोन्महिने चाललं. हात-पाठ दुखायची, असं त्यांनी तेव्हा पत्रकारांना सांगितलं होतं. आठवडे मोजत बसण्यापेक्षा मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते : त्यांना हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांची बातमी देशभर झाली, मुख्यमंत्र्यांपर्यंत गेली, कौतुक झालं. ते व्हायलाच हवं होतं. पण रेलूताईंनी ती होडी मागून आणली होती, हे मला विसरता येत नाही. ऑक्सिजन नर्सच्या बाबतीत व्यवस्थेने काम ओळखलं आणि साधन दिलं. रेलूताईंच्या बाबतीत माणसाने काम ओळखलं, साधन स्वतः जमवलं आणि व्यवस्थेने नंतर टाळ्या वाजवल्या. महामारीत आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या गोष्टी फार झाल्या. पहिल्या प्रकारच्या कमी.

टाळ्या, फुलं आणि पगारपत्रक

२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशाने थाळ्या वाजवल्या. ३ मे रोजी हवाई दलाने रुग्णालयांवर फुलं टाकली. ते वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं, कारण फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला १२ मे रोजी दोनशे वर्षं होत होती. रुग्णालयाच्या गच्चीवर उभ्या राहून ती फुलं झेलणाऱ्या सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. माणसाला आपली दखल घेतलेली हवी असते. मी त्या संध्याकाळी थाळी वाजवली आहे आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

काही ठोस गोष्टीही झाल्या. आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण आलं. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशाने त्यांच्यावर हात उगारणं अजामीनपात्र गुन्हा ठरला आणि गंभीर इजा केली तर सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली गेली.

पण जून २०२१ मध्ये, दुसरी लाट जेमतेम उतरत असताना, महाराष्ट्रातल्या सत्तर हजारांच्या आसपास आशा ताई संपावर गेल्या. घरोघरी तापमान आणि ऑक्सिजनची पातळी मोजत फिरलेल्या याच बाया. आठवडाभराने तोडगा निघाला : मानधनात हजार रुपयांची वाढ आणि पाचशे रुपये कोविड भत्ता, म्हणजे महिना दीड हजार. त्याच महिन्यात सरकारी परिचारिकांनीही कामबंद आंदोलन केलं. मागण्या होत्या रिक्त पदं भरा, भत्ता द्या, सुट्टी द्या. पुढच्या वर्षी मे २०२२ मध्ये याच आशांचा जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात सन्मान केला. मला त्या सन्मानाचा आनंद झाला आणि दीड हजारासाठी त्यांना आठवडाभर संप करावा लागला याचा त्रासही झाला. दोन्ही भावना एकमेकींना पुसत नाहीत.

कंत्राटी सिस्टर आणि ब्रदर यांची गोष्ट तर आणखी बोचते. राज्यभर पहिल्या लाटेत त्यांना तीन-तीन महिन्यांच्या आदेशावर घेतलं, लाट ओसरली तसं कमी केलं, आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा फोन करून बोलावलं. ते आलेही. कोविड वॉर्डात काम केलेल्या माणसाला सहा महिन्यांनी पुन्हा त्याच वॉर्डात बोलावणं म्हणजे काय, हे त्याच्या घरच्यांना विचारावं.

दुसऱ्या रुग्णालयाने हे घ्यायचं ठरवलं तर

हे प्रकरण समोर ठेवून एखाद्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयाला काही करायचं असेल, तर मी महामारीची वाट बघू नका असं म्हणेन. ऑक्सिजन लागणारे रुग्ण रोज असतात : न्यूमोनियाची बाळं, दम्याची माणसं, विषबाधा, सर्पदंश. प्रत्येक पाळीत एका सिस्टरच्या नावावर ऑक्सिजन लिहायचा. तिच्या वहीत चार रकाने पुरे : वेळ, पातळी, प्रवाह, बदल का केला. ऑक्सिजनला ओलावा देणाऱ्या ह्युमिडिफायरच्या बाटलीचं झाकण नीट बसलंय का, नळी कुठे पिळवटलीय का, रुग्ण जेवायला उठलाय आणि नॉब चालूच आहे का, हे तिनेच बघायचं. तिच्या हाताखाली एक मामा द्यायचा, ज्याला मॅनिफोल्डचा दाब वाचता येतो. नातेवाइकांशी तिनेच बोलायचं, दिवसातून एकदा, पाच मिनिटं. माझ्या काकूंना कुणी पहिल्या दिवशी बोटावरचा आकडा वाचायला शिकवला असता तर त्यांनी नॉबला हात लावला नसता.

प्लांटची काळजी त्याहून अवघड. पैसा यंत्र घ्यायला मिळतो, निगा राखायला मिळत नाही. महामारीनंतर देशात ठिकठिकाणी असे प्लांट बंद पडून राहिले : कुठे खडे ओलावून खराब झालेले, कुठे कॉम्प्रेसरची दुरुस्ती थांबलेली, कुठे चालवणारा माणूसच नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी दोन तंत्रज्ञ शिकवून ठेवले, आठवड्यातून ठरलेले तास यंत्र चालवलं आणि शुद्धता मोजून वहीत लिहिली, तर ते पुढच्या वेळी सुरू होईल. जनरेटर आणि भरलेले जंबो राखीव हवेतच, कारण सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात वीज किती वेळा जाते हे तिथल्या कुणालाही विचारा.

आणि सिस्टरसाठी काय करायचं? सत्कार करा, शाल-श्रीफळ द्या, फोटो लावा, ते सगळं चांगलं आहे. कायम सेवेतल्या सिस्टरच्या सेवापुस्तकात त्या कामाची नोंद करा. पुढच्या बढतीला ती उपयोगी पडू दे. कंत्राटी सिस्टरला सेवापुस्तक नसतं. तिला मिळतो एक अनुभवाचा दाखला, आणि त्यावर बहुतेक वेळा एवढंच असतं की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत अधिपरिचारिका म्हणून काम केलं. त्या दाखल्यावर दोन ओळी वाढवाव्यात : कोणत्या वॉर्डात, किती खाटांच्या ऑक्सिजनची जबाबदारी तिच्याकडे होती आणि ती तिने किती महिने सांभाळली. त्यावर सिव्हिल सर्जनची सही आणि गोल शिक्का. यासाठी पैसा लागत नाही, मंत्रालयात फाइल पाठवावी लागत नाही. पुढच्या भरतीच्या मुलाखतीला ती तो कागद घेऊन जाईल.